साडूंनी खाल्लेला मार

माझ्या साडूंइतका मार खाल्लेला माणूस देवबागपासून आचऱ्यापर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा सापडायचा नाही. हिंदीतल्या झाडून सगळ्या नायकांनी त्यांना बडवलेलं आहे. दक्षिणेकडच्यांनी तर आधी हवेत गरगर फिरवून मग बडवलेलं आहे. काचेच्या दारातून, लाकडी जिन्यावरून, कलिंगडांच्या ढिगात, एकदा तर चालत्या टेम्पोच्या टपावरून मासळीच्या टोपल्यांत, असे ते गेली पंचवीस-सव्वीस वर्षं पडत आलेले आहेत. प्रत्यक्षात मात्र त्यांच्या अंगावर हात टाकायची हिंमत फक्त माझ्या सासऱ्यांच्या बोक्याने केली. साडूंनी त्याच्याकडे बघून "असा करू नये रे" एवढंच म्हटलं आणि मनगटाला हळद लावून घेतली.

साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचे यजमान. देवबागच्या मच्छीमार घरातले. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत जिल्ह्यात पहिले, विभागात पहिले आणि शेवटी राज्याचा किताब मिळवलेले. आमची पहिली भेट मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात झाली. सासऱ्यांच्या घराचं दार चांगलं ऐसपैस होतं, तरी साडू सवयीने खांदा तिरका करून आत आले. सासऱ्यांनी नाव विचारलं. त्या अवाढव्य देहातून पाव्यासारखा इतका बारीक आवाज आला, की सासरे वाकून त्यांच्या मागे कोण उभं आहे का ते बघायला लागले. पोहे आले. साडूंनी हात जोडले, कारण आठ दिवसांवर स्पर्धा होती. पिशवीतून स्वतःचा डबा काढून त्यांनी नुसता उकडलेला, बिनमिठाचा बांगडा खाल्ला. मालवणात एखाद्याने देवळात चपला घालून जावं तसा हा प्रकार. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "माशाक मीठ नाय? त्येंच्या घरात कोण आजारी आसा काय?" एवढं होऊनही मेहुणीने त्याच दिवशी होकार दिला. माझ्या बायकोने कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "येवढो मोठो माणूस, पण डबो किती हळू उघडल्यान ता बघितलंस?"

लग्नानंतर कळलं की ते सगळंच हळू करतात. कपबशी उचलतानासुद्धा ती मोडेल की काय अशा धास्तीने उचलतात. जड वस्तूला मात्र हात लावत नाहीत. सासऱ्यांकडे फ्रीज आला तेव्हा टेम्पोवाला साडूंकडे बघून निश्चिंत झाला होता. साडूंनी फ्रीजला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "दादानू, वजन उचलूचा ता मापात. ह्येका धरूचा खंय ताच ठरलेला नाय. पाठ जायत." मग ओरोसच्या सरकारी कचेरीत फायली उचलण्यापलीकडे व्यायाम नसलेला मी आणि साठी उलटलेले सासरे, आम्ही दोघांनी तो फ्रीज तीन पायऱ्या चढवला. साडू बाजूने चालत "श्वास सोडा, श्वास सोडा" असं मार्गदर्शन करत होते. दिवसाला दोन डझन अंडी लागायची, त्यातला पांढरा भाग त्यांचा. पिवळा बलक वाडीत वाटला जायचा, आणि त्या काळात देवबागेतल्या मांजरांच्या अंगावर जी चकाकी होती ती पुन्हा कधी दिसली नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ते अंगाला तपकिरी रंग लावून घेत. एकदा कणकवलीची स्पर्धा आटोपून ते आमच्या क्वार्टरवर मुक्कामाला आले. दुसऱ्या दिवशी गेले, पण त्यांची पाठ आमच्या सोफ्यावर राहिली. खांदे, कंबर, सगळं स्पष्ट. बायकोने तीन वेळा सोफा धुतला आणि मग त्यावर चादर घातली, ती अजून आहे.

सिनेमात ते गेले ते किताब मिळाला त्याच दिवशी. बक्षीस समारंभाला मारामाऱ्या बसवणारा एक फाइट मास्टर आला होता. त्याने विचारलं, "पडता येतं का?" साडू म्हणाले, आजवर कधी पडलो नाही. मास्टर म्हणाला, "उभे राहणारे पुष्कळ मिळतात. पडणारे मिळत नाहीत. या तुम्ही." पहिला सिनेमा लागला तेव्हा वाडीतली माणसं दोन टेम्पो करून बघायला गेली. मध्यंतरापर्यंत साडू हाताची घडी घालून खलनायकाच्या मागे उभे होते आणि दर वेळी ते दिसले की टाळ्या पडत होत्या. मध्यंतरानंतर नायक आला. साडूंच्या मांडीएवढी त्याची कंबर. त्याने एक ठोसा मारला आणि साडू कलिंगडांत गेले. मग वाडीतले एक वयस्क गृहस्थ उठून उभे राहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ह्या बारक्याक आमचो माणूस आयकता? उचलून खाडयेत टाकूचो मरे." पुढचे पंधरा दिवस मालवणच्या बाजारात सासऱ्यांना लोक विचारत होते, "जावयाक आता बरा आसा मा?"

साडूंना मात्र या पडण्याचा अभिमान होता. ते मला समजावून सांगत, "दादानू, मारणाऱ्याचा काय, तो नुसतो हात फिरवता. मार लागलो काय नाय, ता माझ्या पडण्यार." नायकाचा मोठेपणा आपल्या पाठीवर उभा आहे असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. देवबागच्या वाळूत ते रोज सकाळी पडायचा सराव करत. पर्यटक घाबरून धावत येत, तेव्हा ते उठून वाळू झटकत आणि "माजोच धंदो आसा ह्यो" असं सांगून पुन्हा पडत. त्या धंद्यात एकदा गळपट्टीचं हाड गेलं आणि उजव्या गुडघ्याने कायमची कुरकूर सुरू केली. इतक्या वर्षांत संवाद त्यांना एकच मिळाला, तीन शब्दांचा: "साहेब, तो आला." त्या तीन शब्दांची तयारी त्यांनी आमच्या क्वार्टरमध्ये आठ दिवस केली. कधी "साहेब" वर जोर, कधी "तो" वर. शेजारचे तलाठी शेवटी येऊन विचारून गेले, कोण येणार आहे म्हणून. सिनेमा आला तेव्हा पडद्यावर तोंड साडूंचं हललं आणि आवाज कुणा दुसऱ्याचाच, घोगरा, भारदस्त असा निघाला. त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. घरी परतताना ते म्हणाले, "आवाज बरो होतो त्येचो."

वय झालं तशी कामं कमी झाली. पन्नाशीनंतर गुडघ्यामुळे उंचावरून पडणं बंद झालं, आणि जमिनीवरच्या जमिनीवर पडायला नवीन माणसं भरपूर होती. मेहुणीने घराच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली होती. तिथे गेल्या वर्षी पुण्याची एक तरुण दिग्दर्शिका येऊन उतरली. सकाळी ती पडवीत चहा घेत बसली असताना आतून कुणीतरी बोलताना तिने ऐकलं. साडू आपल्या आईला औषध घ्यायला विनवत होते. आई ऐंशीच्या पुढची, दृष्टी अधू. साडू तिला "आये" म्हणतात. दिग्दर्शिकेला वाटलं, आत एखादा थकलेला म्हातारा आहे. मेहुणीला तिने विचारलं, "आजोबांना बाहेर बोलवाल का?" आणि बाहेर साडू आले, खांदा तिरका करून.

ती एका म्हाताऱ्या रापणकराची गोष्ट करत होती. रापण म्हणजे वाडीतल्या सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. त्या म्हाताऱ्याचा मुलगा बोट घेऊन समुद्रात गेला आहे, वादळ होऊन गेलंय, आणि बाप किनाऱ्यावर उभा आहे, एवढीच गोष्ट. म्हाताऱ्यासाठी तिला जो आवाज हवा होता तो तिला दोन वर्षं मिळत नव्हता. "आवाज हाच, काका," ती म्हणाली. "पण हे शरीर मला चालणार नाही. पाच महिने आहेत. निदान पंचवीस किलो जायला हवेत."

दुसऱ्या दिवशी साडू बसने ओरोसला आमच्याकडे आले. खुर्चीत बसले आणि आपल्या दंडांकडे आळीपाळीने बघत राहिले.

"दादानू, तीस वरसा लागली ह्या करूक," ते म्हणाले. "मोडूचा कसा, ता माका कोणी शिकवक नाय."

तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस अशा वेळी जे विचारतो तेच मी विचारलं, "कळवायची मुदत कधीपर्यंत आहे?" माझ्या बायकोने मला गप्प केलं आणि त्यांना विचारलं, "बोलायला किती आहे त्यात?"

"चार पाना," साडू म्हणाले.

"आणि आवाज?"

"माजोच."

बायकोने चहा आणून ठेवला. साखर वेगळी ठेवली होती, कारण ते कधी घेत नसत. साडूंनी दोन चमचे साखर घातली, हळू ढवळली आणि प्याले. निर्णय झाला हे आम्हाला तेव्हा समजलं.

पुढचे पाच महिने आमच्या सगळ्या नातेवाइकांना जड गेले. साडूंनी जिम सोडली, अंडी सोडली आणि पेजेवर राहिले. दोन महिन्यांत सदरा खांद्यावरून ओघळायला लागला, तिसऱ्या महिन्यात गालफडं बसली. बाजारात बोलणं सुरू झालं. कोणी म्हणे साखर झाली, कोणी म्हणे रिपोर्ट मुंबईला पाठवलेत. लोक शहाळी घेऊन यायला लागले. साडू प्रत्येकाला खरं ते सांगत, "काय एक झाला नाय, सिनेमासाठी बारीक होतंय," आणि येणारा समजूतदारपणे मान हलवून मेहुणीला बाजूला घेऊन विचारी, "त्येका सांगूक नाय काय अजून?" त्यांचा एक चुलतभाऊ मुंबईहून रजा काढून आला, गळ्यात पडून रडला आणि लहानपणी वल्हं कोणी मोडलं होतं ते कबूल करून गेला. आईचं दुःख सगळ्यात वेगळं. तीस वर्षं हा मुलगा तिच्या हातचं तिखटमिठाचं खात नव्हता. आता मिठाला हरकत नव्हती, तर भात मूठभरच घ्यायचा. सुरमईची आमटी पुढे ठेवून ती म्हणाली, "काय झाला ता माका सांग. मी घट आसंय." साडूंनी बोट बुडवून चाटलं, बरी झाली आहे म्हणाले आणि उठले.

चौथ्या महिन्यात एकदा मेहुणीचा माझ्या बायकोला फोन आला. आंघोळ करून साडू आरशासमोर उभे राहिले होते. सवयीने हात वर करून त्यांनी मूठ वळली, आणि दंडाचा बेडूक काही वर आला नाही. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग हात खाली घेऊन त्यांनी पंचा आरशावर टाकला. मेहुणी म्हणाली, "पंचो अजून तसोच आसा."

चित्रीकरण आचऱ्याला झालं. ते माझं गाव, म्हणून साडू आमच्याच घरी उतरले आणि मी रजा काढून त्यांच्यासोबत राहिलो. पहिल्या दिवशीचा प्रसंग अगदी साधा होता. बोट आल्याची हाळी ऐकून एक तरुण किनाऱ्याकडे धावतो, वाटेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला त्याचा धक्का लागतो, म्हातारा एक पाऊल मागे सरतो. त्या तरुणाने धक्का देण्याचा अभिनय केला. साडू सहा फूट मागे उडाले, हवेत अर्धे वळले आणि वाळूत पाठीवर आडवे झाले. तरुण पांढरा पडला. त्याला वाटलं, आपल्या हातून म्हातारा गेला.

दिग्दर्शिका जवळ जाऊन म्हणाली, "काका, पडायचं नाही. नुसतं एक पाऊल."

"होय, होय," साडू म्हणाले आणि पुढच्या खेपेला आणखी सुरेख पडले. असं चार वेळा झालं. शेवटी ते वाळूत बसूनच राहिले. "बाय, मी नाय पडत," ते कळकळीने म्हणाले. "आंग पडता. कोणी मारूचा नाटक केल्यान, की ता पडता."

मग साडूंनीच त्या तरुणाला बोलावलं आणि सांगितलं, "तू नाटक करू नको. खरोच ढकल." तो तयार होईना. पुष्कळ समजावल्यावर त्याने डोळे मिटून खरोखरचा धक्का दिला. साडू हलले, एक पाऊल मागे सरले आणि उभे राहिले. त्यांना इतक्या वर्षांत कुणी खरं ढकललंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलण्याचा प्रसंग होता. चहा घेताना साडूंनी मला एक गोष्ट सांगितली, जी तोवर मेहुणीलाही ठाऊक नव्हती. ते ऐन उमेदीत असताना त्यांचा थोरला भाऊ असाच बोट घेऊन गेला आणि वादळात सापडला. वडील दोन दिवस किनाऱ्यावरून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी भाऊ सुखरूप आला. साडू त्या वेळी कोल्हापुरात स्पर्धेला होते. निरोप मिळाला होता, पण अंतिम फेरी होती म्हणून ते निघाले नाहीत. "बापूस हय उभो होतो," ते म्हणाले, "आणि मी थय तेल लावन उभो होतंय." वडिलांनी पुढे कधी तो विषय काढला नाही. काही वर्षांनी ते गेले. आता हे काम घेतल्यावर साडूंनी आईला विचारलं होतं, बापूस त्या दिवसांत कसा उभा होता. आईने आठवून सांगितलं होतं, "कसो म्हंजे? हात खंय ठेवूचे ता त्येका कळा नाय."

मग मी तो प्रसंग पाहिला. खाडीच्या मुखाशी एकेक बोट येत होती आणि साडू प्रत्येक बोटीला आपल्या मुलाबद्दल तेवढंच विचारत होते, "माजो झील मागसून येता मा?" बोटीवरचे लोक मान खाली घालून पुढे जात होते. त्या बारीक आवाजात कसला जोर नव्हता की रडणं नव्हतं. चौकशी करावी तसं ते विचारत होते. मी मात्र त्यांच्या हातांकडे बघत होतो. ज्या माणसाला हात कुठे, मूठ कशी, कोपर किती वर, हे तीस वर्षं पाठ होतं, त्याचे हात एकदा पाठीमागे गेले, एकदा पोटावर आले, एकदा सदऱ्याचं टोक धरून राहिले आणि मग नुसतेच लोंबत राहिले. प्रसंग संपला. साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

सिनेमा थोड्या ठिकाणी आठवडाभर लागला आणि मग घरच्या टीव्हीवर बघता येईल असा झाला. आम्ही सगळे एका रविवारी दुपारी देवबागला जमलो. वाडीतली माणसंही आली. पूर्वी खलनायकाच्या मागे पाठमोरे उभे असले तरी साडूंना ओळखणारी ही माणसं अर्धा सिनेमा झाल्यावर त्यांना विचारू लागली, "तू खंय आसस ह्याच्यात?" साडू हसले आणि "येयत, येयत" म्हणत राहिले. चार पानं बोलूनही आपण दिसलो नाही याचा त्यांना आनंद झाला होता की वाईट वाटलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला ओळखता आलं नाही. हळूहळू माणसं पांगली.

आईला कमी दिसतं म्हणून तिला टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसवलं होतं. बोटींचा प्रसंग आला तेव्हा ती पुढे वाकली. पडद्यावर म्हातारा विचारत होता, माजो झील मागसून येता मा. तिने हात पुढे करून काचेला बोट लावलं.

"आवाज तुजो आसा," ती म्हणाली. "पण ह्यो उभो रवलो हा, तो तुजो बापूस."

सिनेमा पुढे सरकला, दुसरीच माणसं दिसू लागली. आईने मेहुणीला सांगितलं, "गो, त्येका परत दाखव." मेहुणीने मागे नेऊन दाखवलं. संपल्यावर आई पुन्हा म्हणाली, परत. त्या दुपारी तेवढाच भाग आम्ही चार वेळा पाहिला. पाचव्यांदा ती म्हणाली तेव्हा साडू उठले आणि खाडीच्या अंगाला बाहेर गेले. चहा झाला, आमची बसची वेळ झाली, तरी ते आत आले नाहीत, आणि त्यांना हाक मारावी असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.